आबांचा कंपवात पोटातून सुरू झाला असेल का?

केळीवाला, चोपडा
आबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी उजवा अंगठा थरथरायला लागला, मग पाऊल बारीक पडू लागलं. डॉक्टरांनी पार्किन्सन, म्हणजे कंपवात, सांगितला. तपासताना त्यांनी आधी विचारलं, "बद्धकोष्ठ कधीपासून आहे?" मी गप्पच झालो. दहा वर्षं आबा रोज सकाळी म्हणायचे, "पोट साफ व्हत नही रे भाऊ." आम्ही इसबगोल आणून द्यायचो, बस्स. तेव्हाच ओळखायला हवं होतं का? पोटातल्या जंतूंनी हा आजार होतो हे खरं का? आणि सकाळची गोळी एखाद्या दिवशी लागूच पडत नाही, असं का?

औषधवाला, धुळे
भाऊ, मनाला लावून घेऊ नका. बद्धकोष्ठ घरोघरी असतं, त्यातल्या फार थोड्यांना कंपवात होतो. जर्मनीचे मेंदूशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या काही जणांत आधी आतड्याच्या नसांत किंवा वासाच्या केंद्रात दिसतात आणि पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेवाटे मेंदूकडे सरकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या गटाने रुग्णांच्या आतड्यातले जंतू उंदरांना दिले. निरोगी माणसांचे जंतू दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांची हालचाल जास्त बिघडली. पण ते प्रथिन जास्त बनावं असा बदल त्या उंदरांत आधीच केलेला होता. एकट्या जंतूंवर खापर फोडता येत नाही.

गोळीचं मात्र नीट बघा. कंपवाताची नेहमीची गोळी म्हणजे लेव्होडोपा, मेंदूत कमी पडलेलं डोपामिन हे रसायन तिच्यापासून बनतं. ती लहान आतड्यात शोषली जाते. एंटेरोकॉकस फिकॅलिस नावाचा जंतू तिचं तिथेच डोपामिन करून टाकतो, आणि ते डोपामिन मेंदूत शिरत नाही. जेवणातली प्रथिनंही तिची वाट अडवतात. आबा गोळी कशासोबत घेतात?

केळीवाला, चोपडा
दुधासोबत. वर लगेच कळण्याची भाकर.

सून, अमळनेर
दादा, कळण्यात उडीद आला, म्हणजे प्रथिनं आलीच! आमच्या सासऱ्यांचंही हेच व्हायचं. डॉक्टरांना विचारून आता गोळी साडेसहाला पाण्यासोबत, भाकर साडेसातला, डाळ-उसळ रात्री. दुपारपर्यंत अंगणात फिरतात. वेळ बदलण्याआधी तुम्हीही विचारा, गोळी मनाने बंद करू नका. जंतूंची महागडी पावडर आम्ही दोन महिने दिली, थरथर तेवढीच राहिली.

केळीवाला, चोपडा
उद्याच फोन करतो. धुळ्याच्या भाऊंनी वासाचं लिहिलं म्हणून आबांना आत्ताच विचारलं, शेतात काड्यांवर वांगी भाजतो त्याचा वास येतो का. म्हणाले, "कितलाक वरीस व्हई गयात." वास गेल्याचं कधी बोलले नाहीत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.