कुत्र्याच्या तब्येतीची खात्रीची माहिती तुम्ही कुठे बघता? (मखमलाबाद, नाशिक)

मखमलाबादकरीण

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाची गावठी कुत्री आहे, चिंगी. वजन 16 किलो. घरामागे लगेच द्राक्षबाग. सध्या खुडा चालू आहे आणि बाजूला काढलेले मणी, तुटके घड बांधावर पडलेले असतात. बांध आपल्याच नावावर आहे अशी चिंगीची पक्की समजूत आहे.

परवा सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला की कुत्र्याला द्राक्षं द्या, रक्त वाढतं. त्याच रात्री नवऱ्याने व्हिडिओ दाखवला, द्राक्ष म्हणजे कुत्र्याला विष. एक जण सांगतो गोचिडांसाठी लसूण वाटून भाकरीतून द्या, दुसरा म्हणतो लसणाने कुत्रं मरतं. आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण गंगापूर रोडला संध्याकाळी त्यांच्याकडे ही रांग असते. "कडुलिंब चोळला तर चालेल का" एवढ्यासाठी फोन करायचा म्हणजे मलाच संकोच वाटतो.

इंग्रजी वाचता येतं मला, पण कोणती साइट खरी आणि कोणती खाद्य विकायला बसली आहे, ते ओळखू येत नाही. शिवाय दिवसभर चिंगीजवळ सासूबाई असतात, त्यांना मराठीतच काहीतरी हाताशी द्यायला हवं. तुम्ही लोक काय करता?

इंदिरानगरचा लॅब

डॉक्टर सोडून कुणाचंही ऐकू नका. आम्ही गूगल बंदच करून टाकलंय. रात्री दोनला "कुत्रा शिंकतो" असं शोधलं की पहाटेपर्यंत कॅन्सर होतो.

सिडकोचा औषधवाला

ताई, आधी द्राक्षाचं बोलू, बाकीचं थांबू शकतं. भजनी मंडळाचा मेसेज चूक, व्हिडिओ बरोबर. द्राक्षं, मनुका, बेदाणे, कशानेही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चिंगीने खाल्लेलं दिसलं तर उलटी होते का, सुस्त पडते का हे बघत बसू नका. तेव्हाच डॉक्टरांना फोन लावा. पहिल्या दोनेक तासांत ते औषधाने उलटी करवू शकतात, नंतर माल पुढे सरकलेला असतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा उद्योग कुणी सांगेल, तो करू नका. जास्त मीठ पोटात गेल्यानेही कुत्री दगावतात. आणि या फोनला संकोच नको. डॉक्टरांना उशिरा आलेला पेशंट नको असतो, लवकर आलेला फोन चालतो.

आता माहितीचं. माझं मेडिकल आहे, माणसांचं. तरी कुत्र्यासाठी गोळी मागायला माणसं येतातच. "तापाची द्या, पाचशेची." मी विचारतो, वजन किती कुत्र्याचं? समोरचा माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याचाच पगार विचारला. चार किलोचा पॉमेरेनियन आणि चाळीस किलोचा रॉटवायलर, दोघांना एकच गोळी कशी चालेल? पॅरासिटामॉलने कुत्र्याचं लिव्हर जाऊ शकतं, आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात आणि किडनीवर येतं. दोन्ही एकत्र असलेली गोळी तर आपल्याकडे घरोघरी डब्यात असते. मी देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, जाऊ दे.

त्यामुळे माझं एकच माप आहे, वजन. जो वजन, वय आणि आधीचे आजार न विचारता डोस सांगतो, त्याचं ऐकायचं नाही. मग तो लाखभर सबस्क्रायबरवाला असो, शेजारचे काका असोत की माझ्यासारखा काउंटरमागचा माणूस.

उदाहरण देतो. आयव्हरमेक्टिन. खरजेवर मारा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि गाई-म्हशींचं इंजेक्शन सहज मिळतं. त्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. कुत्र्याला हार्टवर्म (हृदयातले जंत) होऊ नये म्हणून महिन्याला द्यायचा डोस किलोमागे 6 मायक्रोग्रॅम. चिंगीच्या 16 किलोला झाले 96 मायक्रोग्रॅम. हे त्या बाटलीतून मोजायचं म्हटलं तर मिलीचा शंभरावा भाग. कुठल्या सिरिंजने मोजणार? खरजेला डॉक्टर याच्या कित्येक पट डोस देतात, पण तो त्यांनी कुत्रं बघून ठरवलेला असतो. त्यात कोली जातीच्या कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष आढळतो, त्यामुळे हे औषध थेट मेंदूत शिरतं. 2001 साली तो दोष सापडला. आता सांगा, "अर्धा मिली टोचा" असं व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्याने यातलं काय विचारलं होतं?

वाचायचंच असेल तर मी एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल उघडतो. अमेरिकेत तेच मर्क नावाने चालतं. 1955 पासून निघतंय, आता नेटवर फुकट आहे. त्यात दोन भाग आहेत, एक डॉक्टरांसाठी आणि एक प्राणी पाळणाऱ्यांसाठी. तुम्ही दुसरा वाचा, इंग्रजी सोपं आहे. पानावर लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि ते पान शेवटचं कधी तपासलं तेही असतं. या दोन गोष्टी ज्या पानावर नाहीत ते मी पुढे वाचत नाही. आणि लेखाच्या शेवटी "आमचं सप्लिमेंट इथे मागवा" असेल तर तो लेख नाही, पोटात जाहिरात घेऊन आलेलं पाकीट आहे.

लसींसाठी वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं बघा, 2024 मध्ये नवी आली आहेत. त्यातली एक गोष्ट आपल्याकडे फार हुकते. पिल्लाच्या पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसींमधला शेवटचा डोस 16 आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर पडायला हवा. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून. पुष्कळ पिल्लांची कार्डं बाराव्या आठवड्यालाच "पूर्ण" झालेली असतात. चिंगीचं कार्ड काढून तारखा बघा.

परदेशी साइट वाचताना एक भान ठेवा. तिकडे हिवाळ्यात गोचीड कमी होतात, म्हणून काही ठिकाणी ठरावीक महिन्यांतच औषध लावायला सांगतात. नाशिकला थंडी पडली तरी घरातल्या फटींमध्ये गोचीड मजेत राहतात. उष्ण प्रदेशातल्या परजीवींसाठी ट्रॉकॅप नावाची वेगळी संस्था आहे, तिची कुत्र्यांवरची मार्गदर्शिका आपल्या हवेला जास्त लागू पडते. मात्र ती डॉक्टरांसाठी लिहिलेली आहे, जड जाईल.

मराठीत? खरं सांगायचं तर कमी आहे. ॲग्रोवनमध्ये पशुवैद्यक मंडळी छान लिहितात, पण गाय, म्हैस, शेळी. कुत्र्याचा नंबर क्वचित लागतो.

दिंडोरीचा बागायतदार

काय भो, एवढं घाबरवता! आमच्या मळ्यातली कुत्री पिढ्यान् पिढ्या बागेत वाढली. खुड्याच्या दिवसांत थॉमसनचे घड खातात, बागेतच झोपतात. एकालाही काही झालं नाही. शहरातली कुत्री नाजूक झालीत, दुसरं काही नाही.

सिडकोचा औषधवाला

दादा, तुमचं खोटं नाही. काही कुत्री भरपूर द्राक्षं खाऊन ठणठणीत राहतात आणि काही थोड्याशा मण्यांनी जातात, हे डॉक्टरही सांगतात. कोणतं कुत्रं कुठल्या गटात, हे खाण्याआधी कुणालाच कळत नाही, तिथेच घोळ आहे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा बघणाऱ्या पशुवैद्यकांनी टार्टारिक ॲसिडवर बोट ठेवलं. द्राक्षात ते असतंच, पण जातीप्रमाणे आणि मणी किती पिकला त्याप्रमाणे कमी-जास्त. बागेत ब्रिक्स, म्हणजे मण्यातली साखर, मोजणाऱ्या माणसाला हे मी काय सांगावं.

आणि राग मानू नका, पण मळ्यातलं कुत्रं दोन दिवस दिसलं नाही तर आपण म्हणतो गेलं कुठेतरी. रक्त तपासून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते त्याचा आकडा, कोण बघतं? किडनीचं बिघडायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर द्राक्षं कुणाच्या लक्षातही नसतात.

दिंडोरीचा बागायतदार

तेही आहेच म्हणा. मागच्या वर्षी एक असंच गेलं. आम्ही फवारणीवर ढकललं.

सिडकोचा औषधवाला

फवारणीही असू शकते दादा. डब्याचं लेबल जपून ठेवत जा. विषबाधेच्या केसमध्ये डॉक्टर पहिलं तेच मागतात.

देवळाली कॅम्पची आजी

द्राक्षांवर एवढी चर्चा झाली, कांदा राहिलाच की. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात! आपल्या घरात कुत्र्याला वेगळं शिजवत नाहीत, उरलेला रस्सा-भात त्यालाच जातो. कांदा कच्चा, शिजवलेला, तळलेला, कसाही असला तरी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूण त्याच कुळातला, म्हणून तो गोचिडांचा उपाय मुळीच करू नकोस गं. एका वेळी कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला की बाधा होते असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुझ्या चिंगीला 80 ग्रॅम झाले, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. तोवर आपण कांदा विसरलेलो असतो.

दुसरं म्हणजे डॉक्टर नीट बघून घे. पाटीवर बी.व्ही.एससी. अँड ए.एच. आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, 1984 चा कायदाच आहे तसा. आमच्या भागात एक जण घरी येऊन स्वस्तात लसी टोचायचा, बाटलीचं स्टिकर कार्डावर लावायचा नाही. मी स्टिकर मागितलं, तेव्हापासून आमच्या गल्लीत येत नाही.

माझा नातू सगळं त्या चॅटबॉटला विचारतो. मी म्हटलं विचार, पण डॉक्टरला काय विचारायचं ते त्याला विचार. त्याने प्रश्नांची यादी बरी करून दिली हो.

मखमलाबादकरीण

सगळ्यांचे आभार. कार्ड काढून बघितलं, शेवटचा डोस सतराव्या आठवड्यातला आहे, हुश्श. बागवाल्या काकांशी बोलले, ते टाकाऊ माल आता क्रेटमध्ये भरून पलीकडे नेणार आहेत. गोचिडांचं मात्र राहिलं. कडुलिंब?

सिडकोचा औषधवाला

कडुलिंबाने गोचीड हटतात यावर विसंबून राहण्यासारखं काही मी वाचलेलं नाही. चिंगीच्या अंगावर दिसतात त्याहून जास्त घरात असतात. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, पायरीखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्र्यावर औषध आणि घरातल्या फटींची सफाई, दोन्ही एकदम. मानेवर लावायचे थेंब किंवा चघळायची गोळी, दोन्हींची पाकिटं वजनाच्या गटाप्रमाणे येतात (बघा, परत वजन). कोणतं ते डॉक्टर सांगतील. झटके येण्याचा इतिहास असेल तर गोळीआधी तसं सांगायचं. गोठ्यात मारायचं औषध बादलीत कालवून आंघोळ घालू नका.

आणि ताप, खाणं बंद, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, यातलं काही दिसलं तर गोचीड ताप धरून चाला आणि त्याच दिवशी रक्त तपासा. माणसं "मागच्या वेळी दिली होती ती डॉक्सी द्या" म्हणत येतात, म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. गोचीड तापाचा एक जंतू एर्लिकिया, त्याला ती साधारण 28 दिवस द्यावी लागते, पाचव्या दिवशी कुत्रं खायला लागलं की लोक बंद करतात. आणि दुसरा जंतू, बॅबेसिया, असेल तर नुसत्या डॉक्सीने भागत नाही. कोणता जंतू ते रक्तच सांगतं.

सासूबाईंसाठी मराठीत लिहून देतो, फ्रीजवर लावा:

"चिंगी, 16 किलो. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम नाही. आपल्या डब्यातली एकही गोळी नाही. हिरड्या गुलाबी असाव्यात, पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर लगेच फोन. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या आत. नको ते खाल्लं तर काय, किती, किती वाजता हे आधी लिहायचं, मग फोन."

खाली डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडं असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याचा. तो आजच विचारून ठेवा. 1962 हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, पण ती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी. एकट्या त्याच्यावर राहू नका.

मखमलाबादकरीण

लावलं फ्रीजवर. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारताहेत, द्राक्षातलं ते आंबट ॲसिड चिंचेतही असतं ना? मग चिंगीला रोजचा आमटी-भात?

सिडकोचा औषधवाला

सासूबाईंना नमस्कार सांगा. चिंचेत टार्टारिक ॲसिड असतंच, आणि चिंच खाऊन किडनी बिघडलेली कुत्री बघूनच त्या पशुवैद्यकांचा संशय बळावला. आमटी बंद. साधा भात, उकडलेलं अंडं किंवा चिकन चालेल, मीठ-मसाला नको. रोजचं प्रमाण मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या, चिंगीला वजनकाट्यावर उभी करून.