जवळचं हॉस्पिटल की योग्य हॉस्पिटल?

रानजाई
'प्रत्येक तालुक्याला ट्रॉमा सेंटर (गंभीर जखमींसाठीचं केंद्र) द्या, अपघातातले मृत्यू आपोआप कमी होतील.' काल या फोरमवर कुणीतरी हे लिहिलं आणि दीडेकशे लोकांनी माना डोलावल्या. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी मूळची साताऱ्याची, सध्या लीड्समध्ये ट्रॉमा नर्स आहे.

इंग्लंडमध्ये गावोगावी कॅज्युअल्टी होतीच. तरी २००७ साली गंभीर जखमींच्या उपचारांची तपासणी झाली, तेव्हा जवळपास ६० टक्के रुग्णांना चांगली म्हणावी अशी सेवा मिळालेली नव्हती. छोट्या हॉस्पिटलात असा पेशंट कधीतरीच येतो. रात्री वरिष्ठ सर्जन नाही, न्यूरोसर्जन दुसऱ्या शहरात, मग पुन्हा गाडी शोधा. २०१० मध्ये लंडनपुरती चार मोठी केंद्रं ठरवली आणि एप्रिल २०१२ पासून इंग्लंडभर अशा केंद्रांची जाळी उभी राहिली. आता रस्त्यावरच पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्समधले प्रशिक्षित कर्मचारी, तपासून ठरवतात. मोठं केंद्र साधारण ४५ मिनिटांच्या आत असेल तर वाटेतलं हॉस्पिटल ओलांडून थेट तिकडे. आधी फोन येतो. पेशंट दारात येतो तेव्हा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्ताच्या पिशव्या घेऊन आम्ही उभे असतो.

तालुक्यात इमारत बांधून, दारावर पाटी लावून हे होणार नाही.

घाटमाथा
४५ मिनिटं? ताई, नकाशा उघडा. राजापूरजवळ रात्री दोनला ट्रक उलटला तर कोल्हापूरला न्यायला अणुस्कुरा घाट चढायचा. पावसाळ्यात, धुक्यात. 'जवळचं सोडून पुढे जा' हा नियम तिथे लावलात तर माणूस घाटातच जाईल. आम्हाला जवळच हवं. इंग्लंडची आरती पुरे.

रानजाई
आरती करत नाहीये. श्वासनलिका सांभाळता येत नसेल, रक्त थांबत नसेल, तर तिथेही आधी जवळच थांबतात. जीव टिकवायचा आणि लगेच पुढे पाठवायचं. पण पुढच्या मोठ्या केंद्राला 'बेड नाही' म्हणायची मुभा नाही, घ्यावंच लागतं. माझा मुद्दा तो आहे.

तिलारी
घाटमाथा, मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे 'बांबोळीला नेला' म्हटलं की माणूस सीरियस आहे हे घराला कळतं. गोव्याचं, म्हणजे दुसऱ्या राज्याचं मेडिकल कॉलेज हेच आमचं ट्रॉमा सेंटर. जानेवारी २०१८ मध्ये गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही.

माझ्या भावाला महामार्गावर डंपरने उडवलं. पहिल्या खासगी हॉस्पिटलात डिपॉझिट भरेपर्यंत स्ट्रेचरवर ठेवला. दुसऱ्याने सीटी काढला आणि सांगितलं, इथे होणार नाही. बांबोळीला पोचेपर्यंत पाच तास झाले होते. वाचला, पाय गेला. ही दोन्ही हॉस्पिटलं जवळच होती हो. जवळ असून काय उपयोग झाला? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय, सरकारी असो की खासगी, डॉक्टरने जखमीवर आधी उपचार करायचे. त्या रात्री मला हे माहीत असतं तर ओरडले असते.

स्पष्टवक्ता
मूळ दुखण्यावर कुणी बोलत नाही. आपल्या १०८ गाडीत आयुर्वेदाचे डॉक्टर बसवलेत. श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर काढा देणार का? आधी एमबीबीएस बसवा, मग नेटवर्कच्या गप्पा मारा.

रात्रपाळी
मी बीएएमएस. सहा वर्षं १०८ वर आहे. काढा म्हणालात ते मागे घ्या.

२०१४ ला ९३७ गाड्या आल्या, तेव्हा रात्री तीनला खड्ड्यातून लोकांना बाहेर काढायला किती एमबीबीएस रांगेत उभे होते? मी मानेला कॉलर लावतो, रक्तस्राव दाबून धरतो, ऑक्सिजन, सलाइन, सगळं करतो. नळी घालायचं प्रशिक्षण मिळालं, पण सराव मिळत नाही, हे कबूल करतो. जमत नाही तेव्हा मास्क-बॅगने श्वास देत नेतो, आणि तसे पोचलेले पेशंट जगलेत.

स्पष्टवक्ता
वैयक्तिक घेऊ नका. पण सराव नाही हे तुम्हीच म्हणालात. माझे काका अशाच गाडीत गेले. तुमच्या भावना जपायला मी गप्प बसू?

रात्रपाळी
काकांचं वाईट वाटतं. पण त्यांना काय लागलं होतं, गाडी किती वाजता पोचली, हे न सांगता सगळा दोष पदवीवर टाकताय.

रानजाई
दोघेही थांबा जरा. इंग्लंडच्या बहुतेक गाड्यांत डॉक्टरच नसतो, पॅरामेडिक असतात. जर्मनीत उलट, तिथे डॉक्टर अपघाताच्या जागी जातो, १९७० पासून म्युनिकहून हेलिकॉप्टरनेसुद्धा. दोन्हीकडे माणसं वाचतात, कारण कुणी काय करायचं हे ठरलेलं आहे आणि त्याच कामाचा सराव पुन्हा पुन्हा होतो. बीएएमएस की एमबीबीएस हे भांडण मला दुय्यम वाटतं.

स्पष्टवक्ता
पॅरामेडिकचं मान्य. पण मग सराव तरी द्या त्यांना. काढ्याचा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही.

यारा_काठ
पैशाचं कुणी काढलंच नाही. तिलारीच्या भावाला डिपॉझिटने अडवलं, अंतराने नाही. मी मेलबर्नला राहतो. इथे गाडीच्या नोंदणीबरोबरच अपघाताचा निधी भरावा लागतो, आणि १९८७ पासून चूक कुणाची हे न विचारता त्यातून उपचार होतात, नंतरचे व्यायाम-उपचारसुद्धा. २००० मध्ये व्हिक्टोरिया राज्याने मोठी केंद्रं ठरवली ती त्या पायावर. एवढ्या मोठ्या राज्याला तीनच, त्यातलं एक मुलांचं. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ पासून पहिले ४८ तास मोफत केले, म्हणजे आपल्याकडे जमत नाही असंही नाही.

घाटमाथा
केंद्र सरकारची अपघातग्रस्तांसाठी योजना आली ना २०२५ मध्ये, दीड लाखापर्यंत, सात दिवस कॅशलेस. आमच्या इथल्या हॉस्पिटलात विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने ऐकलेलंच नव्हतं.

आणि ताई, राजापूरचं मी सोडत नाही. तालुक्यात रक्त आणि भूलतज्ज्ञ हवाच. न्यूरोसर्जन प्रत्येक तालुक्यात बसणार नाही, एवढं तुमचं मानतो.

रानजाई
भूलतज्ज्ञ आणि रक्त, याला माझा विरोध कधीच नव्हता.

तिलारी
रात्रपाळी, एक विचारते. गाडी निघताना तुम्ही पुढच्या हॉस्पिटलला फोन करता का? भावाच्या वेळी दोन्हीकडे आम्ही दारात पोचल्यावरच त्यांना कळलं.

रात्रपाळी
करतो. कॅज्युअल्टीचा लँडलाइन आहे माझ्याकडे. रात्री बाराच्या पुढे बहुतेक वेळा वाजून बंद होतो.