मदत हवी आहे : ऑनलाइन वंशावळीत सासर-माहेरची नावं, दत्तक आणि शके कसे भरायचे?

आंबेमोहर :

छापील कुळवृत्तांत आणि काही हस्तलिखित वंशावळींवरून एका ऑनलाइन संकेतस्थळावर घराण्याची माहिती भरतो आहे. आठ पिढ्या आहेत. पुढच्या गोष्टींवर काम अडलंय :

१) लग्नानंतर बाईचं पहिलं नावही बदललेलं असतं. एकच नाव टाकलं की दुसऱ्या नावानं शोधून ती सापडत नाही.
२) दत्तक गेलेला मुलगा जनक घरात दाखवला की दत्तक घराची वेल तुटते, आणि तिकडे दाखवला की इकडची.
३) जन्मतिथी शकात आहेत. तारखेचा रकाना त्या घेत नाही.
४) 'कुऱ्हाडे' शोधलं की निम्मीच माणसं येतात. बाकीची यादीत डोळ्यांना दिसतात, पण शोधात येत नाहीत.
५) पणजोबांच्या आधीची कित्येक माणसं 'जिवंत' धरून पाहुण्यांपासून लपवली जातात.
६) पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात.

सगळं पुन्हा भरावं लागणार का? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुनी बखर :

पुन्हा भरावं लागणार नाही. आधी संकेतस्थळावरून जेडकॉम फाइल उतरवून घ्या आणि तिची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. जेडकॉम म्हणजे वंशावळ एका कार्यक्रमातून दुसऱ्यात नेण्यासाठीची साधी मजकूर फाइल असते. वंशावळीचे बहुतेक संगणक-कार्यक्रम तिची ५.५.१ ही आवृत्ती वाचतात, ७.० ही २०२१ सालची, ती सगळीकडे चालेलच असं नाही. फोटो या फाइलीत येत नाहीत, फक्त त्यांचे दुवे येतात, म्हणून ते वेगळे उतरवा.

नावांबद्दल. रमाबाई रानडे यांचं उदाहरण घ्या : जन्म १८६२, माहेरचं नाव यमुना कुर्लेकर, लग्न १८७३. मुख्य नाव म्हणून 'यमुना', आडनाव 'कुर्लेकर', प्रकार 'जन्मनाव'. मग त्याच व्यक्तीला दुसरं नाव जोडायचं : 'रमाबाई महादेव', आडनाव 'रानडे', प्रकार 'विवाहित नाव'. एकाच रकान्यात 'रमाबाई (यमुना) रानडे, पू. कुर्लेकर' असं कोंबलं की शोध, आडनावांची यादी आणि दुबार व्यक्ती ओळखणं, तिन्ही बिघडतात. ग्रॅम्प्स या वंशावळीच्या संगणक-कार्यक्रमात व्यक्तीच्या 'नेम्स' टॅबमध्ये हवी तितकी नावं जोडता येतात आणि राइट क्लिक करून कुठलंही मुख्य करता येतं. तुमच्या संकेतस्थळावर दुसऱ्या नावाची सोय 'आणखी माहिती'सारख्या जागी लपलेली असेल, ती शोधा.

वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात, एक जागा सोडून लिहा. आडनावाच्या रकान्यात गेलं तर प्रत्येक माणसाचं आडनाव वेगळं होऊन बसतं.

याच घरातला दुसरा मुद्दा. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली, मग रमाबाईंशी लग्न झालं. अशा ठिकाणी दोन वेगळी 'कुटुंबं' करावी लागतात. पुरुषाच्या पानावरून 'मूल जोडा' दाबलं की काही कार्यक्रम मूल शेवटच्या बायकोला चिकटवतात, म्हणून मूल नेहमी कुटुंबाच्या पानावरून जोडा. वृत्तांतात कोणत्या पत्नीची मुलं ते दिलंच नसेल, तर फक्त वडील असलेलं तिसरं कुटुंब करा. अंदाजानं आई लावू नका. पुढचा वाचणारा ते खरं धरून चालतो.

कोकणकडा :

दत्तकाचं सांगतो. माणूस एकच ठेवायचा आणि त्याला आईवडिलांची दोन कुटुंबं जोडायची : एकात नातं 'जन्मानं', दुसऱ्यात 'दत्तक'. जेडकॉममध्ये यासाठी 'पेडी' (PEDI) ही खूण असते. दत्तकविधीची तारीख वेगळी घटना म्हणून भरा.

बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड भरून बघा, सगळ्या गाठी एकत्र येतात. १८६३ साली कवळाण्यात काशीरावांच्या घरी जन्म, नाव गोपाळराव. १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि नाव सयाजीराव झालं. खंडेराव १८७० मध्येच वारले होते. दत्तकाची घटना बापाच्या मृत्यूनंतरची असली तरी त्यात चूक काही नाही. विधवेनं घेतलेल्या दत्तकात तर मुलाचा जन्मही कधी दत्तक बापाच्या मृत्यूनंतरचा निघतो आणि कार्यक्रम लाल इशारा देतो. तो सोडून द्या. इशारा घालवायला मृत्यूचं साल मात्र बदलू नका.

तक्त्यात कोणती वेल दिसावी हे बहुधा पहिल्या जोडलेल्या कुटुंबावर ठरतं. क्रम बदलला की तक्ता बदलतो, माहिती तीच राहते. तुमची 'तुटलेली' वेल बहुतेक इथंच अडकली आहे.

टंकसाळ :

'कुऱ्हाडे'चं कारण कळफलकात आहे. अर्धा 'ऱ्' दोन प्रकारे टंकला जातो. एक : ऱ (संकेतांक ०९३१) आणि हलन्त. दुसरा : साधा र (०९३०), हलन्त (०९४डी) आणि न दिसणारं जोडचिन्ह (२००डी). पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. फाइल भरणारे दोघं-तिघं असतील तर हे हमखास होतं.

उपाय : जेडकॉम मजकूर संपादकात उघडा, शोधात न सापडणाऱ्या नावातला तुकडा कॉपी करून 'शोधा'त टाका आणि बदली 'ऱ्' द्या. 'सगळे बदला' दाबण्याआधी एक तपासा : कॉपी करताना अदृश्य चिन्ह गळालं, तर फाइलीतला प्रत्येक रफार बदलेल आणि कर्वे, बर्वे, धर्माधिकारी सगळे बिघडतील. 'शोधा' दाबल्यावर कर्वे उजळले तर थांबा.

फाइल जतन करताना यूटीएफ-८ हे संकेतन निवडा. आन्सी या देवनागरी न सामावणाऱ्या जुन्या संकेतनात जतन झाली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत फिरत नाहीत. टोप्या-मात्रा असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका. तेव्हा बहुधा फाइल शाबूत असते, फक्त चुकीच्या संकेतनानं उघडलेली असते.

दुरुस्त फाइल जुन्या झाडावर चढवू नका, प्रत्येक माणूस दुबार होईल. नवीन झाड म्हणून चढवा, माणसांची मोजणी जुळली की जुनं काढा.

आंबेमोहर :

मनापासून आभार. क्रम बदलल्यावर दत्तकाची वेल लागली, आणि 'ऱ्'चे खरोखरच दोन प्रकार निघाले. शके आणि 'जिवंत' पूर्वज राहिले.

जुनी बखर :

जिवंतचं सोपं आहे. मृत्यूचं साल माहीत नसलं तरी मृत्यूची घटना जोडा आणि तारीख रिकामी ठेवा. जेडकॉममध्ये मृत्यूच्या खुणेपुढे नुसता 'वाय' (Y) येतो. हयात माणसांना मात्र लपवलेलंच राहू द्या. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव बँकांच्या सुरक्षा-प्रश्नांत विचारतात.

शके : इसवी सन काढायला शकात चैत्रापासून मार्गशीर्ष शुद्धापर्यंत ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष वद्य आणि पौष इंग्रजी वर्षाच्या सांध्यावर येतात, तिथं त्या वर्षाचं पंचांगच बघायला हवं. म्हणजे माघ शुद्ध ५ शके १७८५ हे १८६४ झालं, १८६३ नव्हे. तारखेत फक्त '१८६४' टाका आणि मूळ तिथी जशीच्या तशी तारखेच्या टिपेत लिहा. ग्रॅम्प्सच्या तारीख-खिडकीत त्यासाठी मजकुराचा रकाना आहे. नेटवरचे बरेच 'शक' परिवर्तक १९५७ पासूनची सरकारी सौर दिनदर्शिका वापरतात. तिथं तिथी टाकली तर येणारी तारीख चुकीची.

शकाचा अंक पुसट असेल आणि संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव) दिलं असेल तर पडताळा घ्या : शकात १२ मिळवून ६० नं भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला, बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. १७८५ ला बाकी ५७, म्हणजे रुधिरोद्गारी. वहीत दुसरंच नाव असेल तर अंक पुन्हा वाचा.

टंकसाळ :

पीडीएफसाठी संकेतस्थळाचं 'पीडीएफ बनवा' बटण वापरू नका. ते बनवणाऱ्या प्रणालीला बहुधा जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. तक्ता ब्राउझरमध्ये उघडा, प्रिंट द्या आणि 'पीडीएफ म्हणून जतन' निवडा. कागद ए३ आडवा. आठ पिढ्या एका पानावर वाचण्याजोग्या बसणार नाहीत, शाखेनुसार तुकडे करा.