पदवीला राज्यशास्त्र घेतलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत

माझा भाचा डोंबिवलीला राहतो. बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्यावर त्याने राज्यशास्त्र घेऊन मुंबईत बी. ए. करायचे आणि पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांकडे वळायचे, असे घरात जाहीर केले. तेव्हापासून बहिणीकडे दोनच वाक्ये ऐकू येतात : ‘नगरसेवक व्हायचंय का?’ आणि ‘मग निदान यूपीएससी तरी दे.’ या दोन टोकांच्या मध्ये वर्गात तीन-चार वर्षे नेमके काय चालते, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. ज्यांनी हा विषय मुंबईत शिकला, शिकवला किंवा अर्ध्यावर सोडला, त्यांनी स्वतःचे लिहावे. सल्ला नसला तरी चालेल. काय वाचले, कुठे अडले आणि आता काय करता, एवढे पुरे.

डहाणू ते चर्चगेट, २०१४–१७

ताई, आमच्या किनाऱ्यावरचे पुष्कळ तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मी एसवायला (दुसऱ्या वर्षाला) असताना शेजारच्या घरातील मुलगा ज्या बोटीवर होता, ती पाकिस्तानी यंत्रणेने पकडली. तो कोणत्या शहरात आहे, हेसुद्धा त्याच्या आईला कित्येक महिने कळले नव्हते. कोणी आले की काकू एकच प्रश्न विचारीत, ‘यादीत नाव आलं का?’ ही यादी कसली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

ते कळले तृतीय वर्षाला, भारताचे परराष्ट्र धोरण शिकताना. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला आपल्या ताब्यातील एकमेकांच्या नागरी कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी परस्परांना देतात. त्याच १ जानेवारीला, १९८८ च्या दुसऱ्या एका करारान्वये, दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांचीही यादी देतात, कारण त्यांवर हल्ला करायचा नाही असे उभयतांनी मान्य केलेले आहे. तारापूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे मला हे दोन कागद एकाच टेबलावर दिसू लागले.

पुढे सर क्रीक आले. कच्छ आणि सिंध यांच्यामधील ही ९६ किलोमीटरची खाडी. तिथली सीमा ठरलेली नाही, म्हणून तिच्यापुढच्या समुद्रातील सीमाही ठरलेली नाही. सागरी कायद्याविषयीच्या १९८२ च्या करारातील ७३ वे कलम सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापुढच्या ज्या समुद्रातील मासळीवर त्या देशाचा हक्क असतो तिथे, मासेमारीचे नियम मोडले, तरी संबंधित देशांनी आपसांत तसे ठरवले नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. मी ते कलम वहीत उतरवून घेतले आणि मोठ्या उत्साहाने काकूंना वाचून दाखवले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मग त्याला आत कसं ठेवलंय?’ दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा सरांनी फळ्यावर ‘अराजक’ हा एकच शब्द लिहिला आणि उरलेला तास त्याच शब्दावर घेतला : अराजक म्हणजे दंगाधोपा नव्हे, तर राष्ट्रांच्या वर बसून हुकूम बजावणारी सत्ता नसणे. काकूंना मात्र हे उत्तर मी कधी सांगितले नाही. मुलगा पुढे वाघामार्गे सुटून आला आणि आता बोटीवर जात नाही. मी एका निर्यात कंपनीत कागदपत्रे पाहतो. पदवीचा तिथे थेट उपयोग होत नाही.

बोरिवली, २००९ ची पदवी

थोडक्यात लिहितो. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा असतो, आणि सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही संविधान, शासनव्यवहार आणि परराष्ट्र संबंध येतात, म्हणून पदवीलाच हा विषय घेतला की निम्मी तयारी होते, असे मला सांगण्यात आले होते. निम्मी होत नाही. पदवीच्या परीक्षेत सिद्धांत मांडला की गुण मिळतात. यूपीएससीत तोच सिद्धांत कालच्या घटनेला लावून दाखवावा लागतो. चार प्रयत्न केले, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचलो, आता बँकेत आहे. मुलाने एवढ्याचसाठी हा विषय घेऊ नये.

भांडुप, मराठी माध्यम, २०१८ ची पदवी

दुसऱ्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून पाच जणांना अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पर्धेला पाठवले. तिथे प्रत्येक विद्यार्थी एकेका देशाचा प्रतिनिधी होऊन बोलतो. बाकीच्यांना फ्रान्स, ब्राझील असे देश मिळाले. माझ्या वाट्याला बुर्किना फासो आला. हा देश १९८४ पर्यंत अपर व्होल्टा या नावाने ओळखला जाई आणि त्याला समुद्रकिनारा नाही, एवढीच माहिती मी पहिल्या रात्री गोळा करू शकले. स्पर्धेत सर्व कामकाज इंग्रजीत, सर्वांच्या अंगात ब्लेझर (माझा मावसबहिणीचा, बाह्या दुमडलेला), आणि बोलताना ‘मी’ म्हणण्यास बंदी. ‘हे शिष्टमंडळ असे मानते’ अशीच सुरुवात करावी लागे. बोलायचे असेल तर देशाच्या नावाची पाटी वर करायची; पहिल्या दिवशी मी ती एकदाही वर केली नाही.

रात्री पुन्हा वाचत बसले, तेव्हा कापूस सापडला. बुर्किना फासो, बेनिन, माली आणि चाड या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत एकत्र तक्रार मांडली होती की, श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देतात, त्यामुळे जगभर भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. माझे आजोळ यवतमाळ जिल्ह्यातले. कापसाचा भाव पडला की आजोबा ओसरीवर बसून कोणाला शिव्या देत, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि त्या शिव्या नेहमी गावातल्या व्यापाऱ्यापाशी येऊन थांबत. दुसऱ्या दिवशी मी पाटी वर केली. माझे इंग्रजी तुटक होते, परंतु वेचणीला माणसे किती लागतात, पाऊस लागला तर बोंडाचे काय होते आणि घरात साठवलेला कापूस पुढच्या भावाची वाट पाहत किती दिवस ठेवता येतो, हे त्या सभागृहात दुसऱ्या कोणाला सांगता आले नसते. बक्षीस मिळाले नाही. व्यापारविषयक वाटाघाटी हा विषय मात्र तेव्हा पकडला आणि पुढे एम. ए. त्यातच केले.

एक प्राध्यापिका, मध्य उपनगर

विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते ‘राज्य’ या शब्दाला. मराठीत राज्य म्हटले की महाराष्ट्र डोळ्यांपुढे येतो. अभ्यासक्रमात मात्र त्याचा अर्थ राज्यसंस्था, म्हणजे दिल्लीपासून ग्रामपंचायतीपर्यंतची सगळी सत्ता. संविधानाच्या १२ व्या कलमातील ‘राज्य’ या शब्दात मुंबई महानगरपालिकाही येते, हे ऐकून दरवर्षी निदान दोघे-तिघे हसतात. अधिसत्ता (हुकूम देण्याचा अधिकार) आणि अधिमान्यता (तो अधिकार लोकांना योग्य वाटणे) यांची गल्लत तर उत्तरपत्रिकांत इतकी नियमित असते की, मी आता पहिल्याच आठवड्यात या दोन शब्दांवर निबंध लिहून घेते.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, तेव्हा संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, एरवीसारखी समजावून द्यावी लागली नाही. मुले दूरचित्रवाणी पाहून भांडतच वर्गात येत. एकाने ठामपणे सांगितले की, एक तृतीयांश आमदार असले तर फूट वैध ठरते. त्याच्या हातातील झेरॉक्स नोट्समध्ये खरोखरच तसे छापलेले होते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीत ती तरतूद होती, पण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वगळली आणि दोन तृतीयांशांच्या पाठिंब्याने होणारे विलीनीकरण तेवढे राहिले. त्या नोट्स किती वर्षे फिरत होत्या, देव जाणे. मूळ संविधान उघडायची सवय लावा, असे मी त्या दिवशी जरा चिडूनच सांगितले.

दूरशिक्षणातून, वयाच्या ४१ व्या वर्षी

मी बेस्टमध्ये वाहक आहे. दुपारपाळी संपवून रात्री वाचत असे. नगरपालिका-महापालिकांविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती परीक्षेपुरती पाठ केली होती. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला आणि प्रभागात नगरसेवकच उरला नाही, तेव्हा गल्लीतील नळाच्या तक्रारीसाठी कोणाकडे जायचे, हे मी चाळकऱ्यांना सांगू शकलो. पत्नीचे म्हणणे, फी वसूल झाली.

सध्या दुसऱ्या वर्षाला, दादर

ताई, वरच्या सर्वांच्या वेळची रचना आता बदलली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यावा लागतो आणि चौथे वर्षही करता येते. मला दुय्यम म्हणून अर्थशास्त्र हवे होते, पण वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी आल्यामुळे इतिहास घ्यावा लागला. भाच्याला महाविद्यालयाच्या नावापेक्षा तीन गोष्टी आधी विचारायला सांगा : कोणत्या दुय्यम विषयाची जोड प्रत्यक्षात मिळते, आंतरराष्ट्रीय संबंध कितव्या सत्रात सुरू होतात, आणि तो विषय शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला कार्यालयातून उत्तर मिळत नाही. त्यासाठी जिन्यात भेटणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांनाच गाठावे लागते.