स्क्रीन येईल, बिल कोण भरणार? ('आपली शाळा' ग्रुप, वणी तालुका)

समिती अध्यक्ष:
नमस्कार मंडळी. शुक्रवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा हाय. विषय एकच, सहावी-सातवीच्या वर्गाले डिजिटल स्क्रीन. पैसा कोठून मागायचा, किती मागायचा, कागदं कोणते लागतात, हे आधी इथं बोलून घेऊ. ज्याले जे पक्कं माहीत हाय त्यानं सविस्तर लिहा. शाळा पहिली ते सातवी, पट 84.

मुख्याध्यापिका मॅडम:
संयुक्त शाळा अनुदानातून स्क्रीन होणार नाही, हे आधीच सांगते. समग्र शिक्षामध्ये (केंद्र-राज्याची शालेय शिक्षण योजना) ते पटावर मिळतं. 30 पर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 251 ते 1000 ला 75 हजार, त्यापुढे 1 लाख. आपल्या वाट्याचे 25 हजार. त्यातले किमान 10 टक्के, म्हणजे 2,500, स्वच्छतेवरच खर्चायचे. उरले 22,500. इंटरनेट महिना 499 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर वर्षाला साधारण 7,066. वीजबिल महिना 600 धरलं तर 7,200. हातात राहिले 8,234. त्यात खडू, नोंदवह्या, नळाची तोटी, शौचालयाचं दार, विज्ञानाचं साहित्य, सगळंच आलं.

तरी हे अनुदान मी फार मोलाचं मानते. वीज आणि इंटरनेटचं बिल यातून नियमाने भरता येतं. स्क्रीन द्यायला लोक पुढे येतात, दर महिन्याचं बिल भरायला कोणी येत नाही.

लेखापाल काकाजी:
बरोबर. म्हणून ठरावात दोन वेगळे भाग करा. एक, वस्तू आणायचा एकदाचा खर्च. दुसरा, दरवर्षीचा खर्च आणि तो कोण्या लेखाशीर्षातून होईल ते. दुसरा भाग लिहिला नाही तर तिसऱ्या वर्षी स्क्रीन कपड्याखाली झाकलेली दिसते.

समग्र शिक्षाच्या नियमांतही असेच दोन भाग आहेत. सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळेला स्मार्ट क्लाससाठी एकदाचे 2 लाख 40 हजारांपर्यंत आणि आवर्ती खर्चाला वर्षाला 38 हजारांपर्यंत. संगणक प्रयोगशाळा असेल तर 6 लाख 40 हजार आणि वर्षाला 2 लाख 40 हजार, पाच वर्षं. केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. आपल्याकडे सहावी-सातवी आहे, म्हणून आपण यात बसतो. शाळा फक्त चौथीपर्यंतची असती तर या बाबीतून काही मिळालं नसतं.

सरपंच ताई:
मग यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, काकाजी? पंचायत समितीत देऊ का?

लेखापाल काकाजी:
ताई, इथेच बहुतेक शाळा चुकतात. यात शाळेच्या अर्जावर शाळेच्या खात्यात रोख येत नाही. राज्य आपला वार्षिक आराखडा केंद्राकडे पाठवतं, तिथे मंजुरी होते. शाळांची निवड यू-डायसच्या, म्हणजे दरवर्षी शाळेची माहिती भरतो त्या सरकारी नोंदणीच्या, माहितीवरून होते. म्हणजे आपला खरा अर्ज यू-डायसचा फॉर्मच आहे.

मुख्याध्यापिका मॅडम:
आणि त्या फॉर्ममध्ये चूक कशी होते ते सांगते, म्हणजे समितीलाही तपासता येईल. संगणक, लॅपटॉप, टॅबलेट, प्रोजेक्टर, डिजिटल बोर्ड यांच्यापुढे दोन आकडे असतात: एकूण किती आणि त्यातले चालू किती. कपाटात पडलेले बंद संगणक 'चालू' रकान्यात गेले की कागदावर शाळेकडे सगळं आहे, आणि नाव मागे पडतं. वीज जोडणीचंही तसंच. जोडणी आहे पण पुरवठा तोडलेला असेल तर 'आहे, पण चालू नाही' असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडायचा. खोल्यांची स्थितीही खरी भरायची, कारण गळक्या खोलीत स्मार्ट क्लास बसत नाही. माहिती 30 सप्टेंबरच्या स्थितीची असते. अध्यक्ष साहेब, फॉर्मची प्रिंट समितीसमोर वाचून मग सही करा. शाळेचा 11 आकडी कोड 27 ने सुरू होतो, तो प्रत्येक पत्रावर हवा.

ग्रामपंचायत अधिकारी:
ग्रामपंचायतीकडून काय होऊ शकतं ते सांगतो. 15व्या वित्त आयोगाच्या (मुदत 2025-26 पर्यंत) निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. 40 टक्के अबंधित, त्यातून शाळेचं काम घेता येतं. पगार आणि आस्थापना खर्च मात्र नाही. अट एकच, पण पक्की: काम 'आमचा गाव आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या आराखड्यात असलं पाहिजे, ग्रामसभेने मंजूर केलेलं असलं पाहिजे आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेलं असलं पाहिजे. आराखड्यात नाही तर खर्च नाही. मार्चमध्ये येऊन 'साहेब, थोडे बसवा' म्हटलं तरी माझ्या हातात काही नसतं. आराखडा बनतो तेव्हाच शाळेने लेखी मागणी द्यावी, आणि 'डिजिटल शाळा' एवढंच मोघम न लिहिता 'वर्गखोलीचं वायरिंग, अर्थिंग, 65 इंची पॅनेल (म्हणजे डिजिटल स्क्रीन), इन्व्हर्टर' असं कामवार लिहावं.

झरी-जामणीकडच्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. शिक्षण त्यात बसतं. तो ग्रामसभेच्या ठरावाने खर्च होतो.

सरपंच ताई:
आणि खाणीचा पैसा? आपल्या रस्त्यानं रोज कोळशाचे ट्रक जातात. लेकरांच्या वह्यांवर धूळ बसते. आपला हक्क तर आहेच ना?

लेखापाल काकाजी:
आहे, ताई, आणि आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी वाट तीच आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित भागासाठी खाणवाल्यांकडून जमा होणारा जिल्ह्याचा निधी. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान 70 टक्के निधी उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्चायचा, आणि शिक्षण त्यात येतं. खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित, 25 पर्यंतचा अप्रत्यक्ष. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात अंतर लिहा आणि नकाशा जोडा. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत ग्रामसभेचा ठराव, समितीचा ठराव, शाळा विकास आराखड्याचं संबंधित पान, यू-डायसची प्रत, अंदाजपत्रक आणि खोलीचे फोटो. ही वस्तू दुसऱ्या कोणत्याही योजनेतून घेतलेली नाही, असा मुख्याध्यापकांचा दाखला विसरू नका. तो नसेल तर फाईल परत येते.

आणखी एक. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 चा, सरासरी नफ्याच्या 2 टक्के. त्यांच्याकडे मागताना वस्तूपेक्षा तीन वर्षांची देखभाल मागा.

विजेचं काम करणारे भाऊ:
आता माह्यं ऐका. स्क्रीन आणाच्या आधी अर्थिंग पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते, आन् अर्थिंग नावापुरतं राह्यते. मीटर लावून न्यूट्रल आन् अर्थच्या मधात व्होल्टेज पाह्यचं. 2-3 च्या आत असलं तं ठीक. 10-15 दाखवलं तं पॅनेल लावूच नका. टच आपोआप उड्या मारते, बोट लावलं तं झिणझिण्या येते, आन् वीज कडाडली का बोर्ड जाते. अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून पाचेक फूट दूर घ्या आन् मार्चपासून त्यात पाणी टाकत राहा.

वर्गाले वेगळी लाइन पायजे. 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (भार वाढला का लाइन तोडते), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला का लाइन तोडते). पंख्याच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढू नका. हे सारं अंदाजपत्रकात लिहा, नाही तं स्क्रीन येते आन् वायरिंगले पैसे नसते.

समिती अध्यक्ष:
भाऊ, दुपारी लाइन जाते, त्याचं काय? इन्व्हर्टर केवढा घ्यावा लागंल?

विजेचं काम करणारे भाऊ:
65 इंची पॅनेल 150 ते 180 वॅट खाते. राउटर-स्पीकर धरून 200 धरा. 12 व्होल्ट 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. ती अर्ध्याच्या खाली उतरवली तं लवकर मरते, म्हणून 900 धरा. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जाते. राह्यले 720. म्हणजे साडेतीन तास, दोन वर्गाले पुरते. पण त्याच इन्व्हर्टरवर ऑफिसचे पंखे चढवले का दीड तासात गार. पंखे जोडाचेच नाही, हे ठरावात लिहा.

शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर दीड-दोन महिने कोणी पाहात नाही. बॅटरीतलं पाणी एप्रिलमध्ये बंद करताना आन् उघडाच्या आठ दिवस आधी, दोनदा पाह्याचं. डिस्टिल्ड वॉटरच टाकाचं, आरओचं नाही.

पॅनेलचं वजन 40 किलोच्या घरात असते. आपल्या जुन्या भिंतीत फास्टनर धरत नाही, प्लॅस्टरसकट बाहेर येते. आरपार बोल्ट टाका, नाही तं चाकांचा लोखंडी स्टँड घ्या.

मुख्याध्यापिका मॅडम:
आकार 65 इंचच का, हेही लिहून ठेवते, कारण विक्रेते 75 चाच आग्रह धरतात. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत मुलांना अक्षर नीट दिसतं. 65 इंचीची उंची 81 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 16 फूट. आपल्या वर्गात शेवटची रांग त्याच्या आतच बसते. 43 इंची टीव्ही स्वस्त पडतो, पण साडेदहा फुटांपुढच्या मुलाला गणिताचा घातांक दिसणार नाही. प्रोजेक्टर मी सुचवत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्याशिवाय इथे बसवत नाही, आणि उजेडात चित्र फिकं पडतं. शिवाय कोळशाची धूळ जाळीत अडकून तो तापतो.

कंटेंटचं परवान्याचं पॅकेज तर घेऊच नका. पहिल्या वर्षी फुकट म्हणून देतात, मग दरवर्षी पैसे, आणि नाही भरले की धडे बंद. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ मिळतात, ते नेट असताना उतरवून ठेवता येतात. 64 जीबीचा पेनड्राइव्ह इयत्तावार फोल्डर करून भरला तर नेट नसलं तरी आठवडा अडत नाही. फक्त पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल त्यात जात नाही. 'जागा आहे तरी कॉपी होत नाही' ही तक्रार त्यामुळेच येते.

लेखापाल काकाजी:
कोणत्याही निधीतून खरेदी झाली तरी बिल मुख्याध्यापकांच्या पदनावे, शाळेचं पूर्ण नाव आणि विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकासह. बिलावर वस्तूचा अनुक्रमांक हवा, आणि तोच जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही). देणगीत मिळालेली वस्तूही त्याच वहीत चढते. नोंद नसलेली वस्तू चोरीला गेली तर तक्रारीत अनुक्रमांक काय लिहिणार?

पैसे पीएफएमएसमधून (सरकारी निधीची ऑनलाइन प्रणाली) देताना विक्रेत्याचं नाव पासबुकावर आहे अगदी तसंच नोंदवा. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलले आहेत. जुना टाकला तर पेमेंट परत फिरतं, आणि हे 28 मार्चला झालं तर 31 ला खर्चाची मर्यादा निघून जाते. म्हणून फेब्रुवारीच्या आत बिलं लावा. विनियोग दाखला (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला) लगेच द्या, त्यावाचून पुढचा हप्ता अडतो.

हमी तीन वर्षांची, शाळेत येऊन दुरुस्ती, आणि सेवा केंद्र कोणत्या शहरात आहे ते दरपत्रकातच लिहून घ्या.

सरपंच ताई:
मग असं करू. खनिज प्रतिष्ठानकडे पॅनेल, इन्व्हर्टर आणि तीन वर्षांची देखभाल. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात वायरिंग, अर्थिंग आणि त्या खोलीच्या छताची दुरुस्ती. वीज आणि इंटरनेट शाळा अनुदानातून, आणि ते कमी पडलं तर किती कमी पडलं ते मॅडमनी दर तिमाहीला ग्रामसभेत सांगायचं. चालेल का?

मुख्याध्यापिका मॅडम:
चालेल. वीजबिलावर जोडणीचा वर्ग शासकीय शैक्षणिक संस्थेचा आहे की व्यापारी, तेही पाहते. चुकीचा असेल तर दर जास्त लागतो, बदलासाठी अर्ज करू.

विजेचं काम करणारे भाऊ:
मी उद्या सकाळी मीटर घेऊन येतो. मॅडम, मेन बोर्डाची किल्ली अन् मागचं एक बिल काढून ठेवा. जोडणीचा मंजूर लोड त्याच्यावरच लिहेल असते. तो कमी असला तं वाढवाचा अर्ज आधी करा लागंल.