जुने हॉलिवूड सिनेमे आणि मागे उभी असलेली माणसं : तुमचे अनुभव लिहा

जुन्या हॉलिवूडवर इथे बऱ्याच जणांचा जीव आहे, माझाही. पण तेच सिनेमे परत बघताना लक्ष हिरो-हिरोइनवरून हटून मोलकरीण, हमाल, टोळीचा सरदार यांच्याकडे जातं आणि हे काम नक्की केलंय कुणी असा प्रश्न पडतो. तुमचं असं कधी झालंय का? सविस्तर लिहा, सिनेमा लाडका असेल तर अजूनच लिहा.

*

माझा 'गॉन विथ द विंड'. पहिल्यांदा आईबरोबर पाहिला तेव्हा सगळं कौतुक नायिका स्कार्लेटच्या कपड्यांचं, हल्ली मी तो मॅमीसाठी, म्हणजे तिच्या घरच्या कृष्णवर्णीय दाईसाठी बघते. स्कार्लेटची छोटी लेक बॉनी गेल्यावर मॅमी तिच्या नणंदेला, मेलनीला घेऊन जिना चढत असते आणि चढता चढता घरात काय काय झालं ते हुंदके देत सांगते, तो सीन आला की मी हातातलं काम ठेवून देते, अख्ख्या सिनेमात इतकं खरं रडणं दुसऱ्या कुणाचं नाही. ते काम हॅटी मॅकडॅनियलचं. डिसेंबर 1939 मध्ये अटलांटाला प्रीमियर झाला त्याला तिला जाता आलं नाही, जॉर्जियात तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. अडीच महिन्यांनी तिला ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं, आणि त्या रात्रीसुद्धा तिचं टेबल बाकीच्या टीमपासून लांब, भिंतीकडेला! अभिनयाचं ऑस्कर पुढच्या कृष्णवर्णीय बाईला मिळालं ते थेट 1991 मध्ये, व्हूपी गोल्डबर्गला. मला अजून संताप येतो.

*

आम्ही ॲरिझोनात राहतो. बाबा काउबॉय सिनेमांच्या हिरोचे, जॉन वेनचे भक्त, त्यामुळे ते भारतातून आले की त्याच्या शूटिंगची मोन्युमेंट व्हॅली ठरलेलीच. तिथला गाइड नवाहो, म्हणजे तिथल्या मूळ अमेरिकन जमातीचा होता, त्याचे आजोबा वेस्टर्नमध्ये (काउबॉय सिनेमांत) एक्स्ट्रा म्हणून जायचे. 'द सर्चर्स' (1956) ची गोष्ट टेक्ससमधल्या कोमांचींची, म्हणजे वेगळ्याच जमातीची, शूटिंग नवाहोंच्या जमिनीवर, कोमांची म्हणून घोडे दौडवणारे नवाहो आणि त्यांचा सरदार स्कार कोण, तर जर्मनीत जन्मलेला हेन्री ब्रँडन, निळ्या डोळ्यांचा. गाइड म्हणाला मजुरी घरात आली, त्याबद्दल तक्रार नाही, पण आजोबांच्या तोंडी कधी एक वाक्य दिलं नाही. बाबा त्याला कितीतरी वेळ विचारत बसले की आजोबा नेमके कुठे दिसतात. रात्री हॉटेलवर लॅपटॉपवर पॉज करून करून शोधले. डोक्याला पट्टी, पांढुरका घोडा, डावीकडून दुसरे.

*

चिनी वंशाची अमेरिकन नटी ॲना मे वाँग, तिच्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? 'द गुड अर्थ' (1937) ची नायिका चिनी शेतकरीण. हिरो पॉल म्युनी गोरा, आणि हेज कोडमुळे (हॉलिवूडची तेव्हाची सेन्सॉर नियमावली) गोऱ्या नटाची बायको चिनी नटी होऊ शकत नव्हती, म्हणून रोल गोऱ्या लुइझ रेनरला गेला आणि ऑस्करही. ॲनाला ऑफर काय, तर लोटसची, संसार मोडणाऱ्या बाईची. तिने नाही म्हटलं. बरं केलं!

*

आमच्या मुंबईची हॉलिवूड नटी मर्ल ओबेरॉन. 1911 चा जन्म, आई मिश्र वंशाची. 'वुदरिंग हाइट्स' मधली कॅथी म्हणजे ही, पण जगाला सांगितलं होतं की जन्म टास्मानियातला. 1979 मध्ये ती गेली तोवर हे झाकूनच राहिलं. मी क्लोजअपमध्ये तिचा चेहरा बघतो तेव्हा वाटतं, केवढी भीती बाळगून ही बाई काम करत असेल.

*

मी इंग्लंडमध्ये वाढले. इंडियाना जोन्सच्या 'टेम्पल ऑफ डूम' (1984) मधली भारतातल्या महालातली ती माकडाच्या मेंदूची मेजवानी टीव्हीवर लागली की दुसऱ्या दिवशी डबा उघडायची सोय नाही, पोळीभाजी बघून मुलं ओकारीचे आवाज काढायची. भारत सरकारने स्क्रिप्टला हरकत घेतली म्हणून शूटिंग श्रीलंकेत झालं हे फार उशिरा कळलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं की कुणीतरी तेव्हाच बोललं होतं. लेकाला इंडियाना जोन्स प्रचंड आवडतो. हा पार्ट दाखवताना मी शेजारी बसणार आहे आणि त्या सीनला थांबवून बोलणार आहे.