आईच्या शुश्रूषेसाठी पगारी रजा मिळण्याचा हक्क आहे का? (टॉवेल कारखाना, सोलापूर)

टॉवेलखाते

नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात गेली अनेक वर्षे कायम कामगार म्हणून यंत्रमागावर काम करतो. माझ्या पगारातून दरमहा ई.एस.आय.ची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होते. मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा विमा दवाखान्याच्या दाखल्यावर घरी बसलेल्या दिवसांचे पैसे मिळाले होते, त्यामुळे आजारपणाच्या बाबतीत आपल्याला आधार आहे अशी माझी समजूत होती.

आता माझी आई घरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली असली तरी तिला उठवणे-बसवणे, औषधे देणे आणि तपासणीला नेणे यासाठी काही आठवडे घरात कोणीतरी सतत असणे आवश्यक आहे. पत्नी घरी विड्या वळते. ती आईपाशी बसली की हजारामागे मिळणारी तिची मजुरी बुडते आणि मी बसलो की माझा पगार कापला जातो. पर्यवेक्षकांकडे रजा मागितली असता आईच्या आजारपणाची रजा नसते, स्वतःच्या नावाचा दाखला आणल्यास पाहू, असे उत्तर मिळाले. काही सहकारीही मला कंबरदुखीचा दाखला काढण्याचा सल्ला देत आहेत. माझा मामेभाऊ मेलबर्नला असतो. तिकडे स्वतःच्या आजारपणाची पगारी रजा आईवडिलांसाठीही वापरता येते, असे तो सांगतो. आपल्याकडे असा हक्क आहे का, आणि नसल्यास नियमाला धरून मला कोणता मार्ग उरतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

विमा शाखा, निवृत्त

दादा, सर्वांत आधी दाखल्याविषयी लिहितो, कारण त्यात आपले सर्वांत मोठे नुकसान होऊ शकते. स्वतः आजारी नसताना आजारपणाचा दाखला घेऊन विम्याचा लाभ उचलणे हा दंडनीय गुन्हा आहे. घेतलेली रक्कम परत भरावी लागते, आणि खोट्या दाखल्याच्या कारणावरून कारखान्याला शिस्तभंगाची कारवाई करण्याची आयती संधी मिळते. जे पर्यवेक्षक आज तोंडी असा मार्ग सुचवतात, ते उद्या चौकशीत आपल्या बाजूने उभे राहतील असे समजू नये. कृपया या वाटेला जाऊ नका.

आता हक्काविषयी. राज्य विमा योजनेतील आजारपणाचा लाभ हा फक्त विमाधारकाच्या स्वतःच्या आजारपणासाठी आहे. सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवसांचे अंशदान (विम्याची वर्गणी) भरले गेले असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या लाभ कालावधीत हा लाभ मिळतो. सलग दोन लाभ कालावधींत मिळून जास्तीत जास्त 91 दिवस, सरासरी दैनिक मजुरीच्या 70 टक्के दराने रक्कम दिली जाते. आपली सरासरी मजुरी रोजची 600 रुपये धरली, तर दिवसाला 420 रुपये होतात. आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरले जातात आणि त्यांची रक्कम मिळत नाही. मात्र आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारपण आले, तर ही प्रतीक्षा लागू होत नाही. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांसाठी पुढे 80 टक्के दराने वाढीव लाभ आहे, परंतु त्यासाठी दोन वर्षांच्या सलग विमापात्र नोकरीची आणि वेगळ्या अंशदानाची अट आहे. या सर्व तरतुदींत आईच्या शुश्रूषेसाठी घरी थांबलेल्या मुलाला रोख रक्कम देण्याची सोय कोठेही नाही, आणि माझ्या मते ही या योजनेतील मोठी उणीव आहे.

तथापि एक गोष्ट पुष्कळ कामगारांच्या लक्षात येत नाही. रजा मिळत नसली तरी आईचा उपचार योजनेत बसू शकतो. विमाधारकावर अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात धरले जातात, मात्र त्यांचे सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न महिन्याला 9,000 रुपयांपेक्षा जास्त नसावे. आईचे नाव आपल्या कुटुंबाच्या नोंदीत आहे का, हे आजच तपासा आणि नसल्यास आधार कार्ड व छायाचित्र देऊन नोंदवून घ्या. पुढची तपासणी, औषधे आणि व्यायामोपचार योजनेतून झाले, तर बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई त्या वाचलेल्या खर्चातून होईल. आपल्या पगाराच्या 0.75 टक्के आपण आणि 3.25 टक्के मालक भरतात. 16,000 रुपये पगारावर हे अनुक्रमे 120 आणि 520 रुपये होतात. दरमहा एवढे पैसे भरले जात असताना आईला खासगी दवाखान्याचे देयक भरत बसावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

कामगार संघटना, चाटी गल्ली

वरील माहिती योग्य आहे. त्यात रजेची बाजू जोडतो.

खासगी कारखान्यातील कामगाराला वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वेगळी पगारी रजा देणारी तरतूद आपल्या देशातील कोणत्याही कामगार कायद्यात नाही. दुसरीकडे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांचा सांभाळ करणे हे मुलांवर कायदेशीर बंधन केले आहे. कर्तव्य कायद्याने लादायचे आणि ते पार पाडण्यासाठी एक दिवसही कायद्याने द्यायचा नाही, ही विसंगती आम्ही प्रत्येक वेतनकराराच्या बैठकीत मांडत आलो आहोत आणि पुढेही मांडणार आहोत.

आपल्या हाती आज जे आहे, ती म्हणजे अर्जित रजा. 1948 च्या कारखाने कायद्यानुसार वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी, काम केलेल्या प्रत्येक वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या असून, त्यांतील व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही अट 180 दिवसांवर आणली आहे. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण मात्र तेच आहे. न वापरलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढील वर्षात नेता येते. ही रजा कोणत्या कारणासाठी घ्यायची हे कामगाराने ठरवायचे असते, त्यामुळे आईच्या शुश्रूषेचे खरे कारण लिहिण्यात काहीही अडचण नाही.

येथे माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. अर्ज लेखी द्या, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आपल्या औद्योगिक वसाहतीत रजा तोंडी मागितली जाते, तोंडी नाकारली जाते आणि नंतर ती मागितल्याचा कसलाही पुरावा उरत नाही. मागितलेली पगारी रजा नाकारली गेली, तर नाकारलेले दिवस तीस दिवसांच्या मर्यादेत न अडकता पुढे नेता येतात, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. अर्जच नसेल, तर नकारही नाही आणि या तरतुदीचा लाभही नाही. पोच देण्यास नकार मिळाल्यास अर्ज नोंदणीकृत टपालाने कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. अर्जासोबत आईला रुग्णालयातून घरी सोडल्याच्या कागदाची प्रत जोडा. कागद आईच्या नावाचा असावा आणि मजकूर खरा असावा.

अर्ज न करता घरी थांबण्याचा धोका पत्करू नका. विनापरवानगी गैरहजेरी सलग काही दिवस झाली की नोकरी सोडल्याचे गृहीत धरून नाव कमी करण्याचे प्रकार घडतात, आणि कारण कितीही खरे असले तरी ते नंतर सिद्ध करत बसणे फार कठीण जाते.

मूळ सोलापूर, सध्या मेलबर्न

आपल्या मामेभावाने सांगितलेले बरोबर आहे, पण त्यातील अटी समजून घेतल्याशिवाय तुलना करू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑस्ट्रेलियात 2009 च्या फेअर वर्क कायद्याने बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी किमान हक्क ठरवले आहेत. त्यात पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला 10 दिवस पगारी रजा मिळते आणि ती स्वतःच्या आजारपणासाठी किंवा जवळच्या कुटुंबीयाच्या शुश्रूषेसाठी वापरता येते. दोन्हींचा साठा एकच असतो. स्वतःच्या आजारपणात दहाही दिवस संपले, तर आईसाठी पगारी दिवस उरत नाहीत. उरलेली रजा मात्र पुढील वर्षांत साठत जाते. अर्धवेळ कर्मचाऱ्याला ती कामाच्या तासांच्या प्रमाणात मिळते. पती-पत्नी किंवा जोडीदार, मुले, आईवडील, आजी-आजोबा, नातवंडे, भावंडे, तसेच जोडीदाराची हीच नाती कुटुंबीयांत येतात, आणि एकाच घरात राहणारी व्यक्ती नात्याची नसली तरी चालते. मालक वैद्यकीय दाखला किंवा शपथेवरील लेखी निवेदन मागू शकतो.

ज्यांची नोकरी 'कॅज्युअल' म्हणजे तासांच्या हमीविना असते, त्यांना ही पगारी रजा मिळत नाही. त्यांना अशा प्रत्येक प्रसंगी फक्त दोन दिवस बिनपगारी शुश्रूषा रजा असते. येथे नव्याने आलेले आपले अनेक विद्यार्थी अशाच नोकऱ्या करतात.

सोलापूरच्या यंत्रमागावर बारा तासांच्या पाळ्या चालतात, म्हणून एक निकालही सांगतो. टास्मानियातील कॅडबरी कारखान्यात बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्यांनी दहा दिवस म्हणजे दहा पूर्ण पाळ्या धराव्यात, असा दावा केला होता. ऑगस्ट 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (हेच त्या देशातील सर्वांत वरचे न्यायालय) तो मान्य केला नाही. दिवस म्हणजे दोन आठवड्यांच्या सामान्य कामाच्या तासांचा दहावा भाग, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यामुळे लांब पाळीतील कामगाराचे रजेचे तास पूर्ण दहा पाळ्यांना पुरत नाहीत. आपल्या संघटनेने पुढे करारात अशी रजा मागितली, तर ती दिवसांत मोजायची की तासांत, हे प्रथम लिहून घ्यावे.

हिशेबनीस, नवी पेठ

मी कापड दुकानात हिशेब पाहते, म्हणून केवळ एका फरकाची नोंद करते. आम्हा दुकानातील कर्मचाऱ्यांना 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा दिली आहे. ती आईच्या तपासणीसारख्या अचानक कारणाला उपयोगी पडते, परंतु वर्ष संपताच न वापरलेली रजा बुडते. हा कायदा आला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, त्यामुळे लहान दुकानातील भगिनींना तो आधारही नव्हता. दादांच्या कारखान्यात स्थायी आदेश (कारखान्याचे लेखी सेवानियम) लागू असतील, तर त्यात नैमित्तिक रजेचे कलम आहे का, हे अवश्य पाहावे.

टॉवेलखाते

सर्वांचा आभारी आहे. कंबरदुखीचा दाखला मी काढणार नाही. आईचे नाव विम्याच्या नोंदीत नव्हते, त्यासाठीची कागदपत्रे आज जमा केली. अर्जित रजेचा लेखी अर्जही तयार केला आहे. एक शंका उरते. माझी शिल्लक रजा आईच्या गरजेपेक्षा कमी भरेल, असे वाटते. पत्नी घरी विड्या वळते, तर तिला पगारी रजेचा काही हक्क आहे का?

कामगार संघटना, चाटी गल्ली

जुन्या कायद्यात तो होता, आणि फार थोड्या महिला तो मागत. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या कामगारांनाही कर्मचारी मानले आणि वीस दिवसांमागे एक दिवस या प्रमाणात त्यांना पगारी रजा दिली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, म्हणून आजची तरतूद तपासून घेऊ. वहिनींचे मजुरीचे पुस्तक आणि ओळखपत्र घेऊन या. पुस्तकात कामाच्या दिवसांच्या नोंदी नीट झाल्या आहेत का, हे आधी पाहावे लागेल, कारण रजेची मोजणी त्याच नोंदींवरून होते. आपल्या अर्जात उरलेल्या दिवसांसाठी बिनपगारी रजेची विनंती स्वतंत्र परिच्छेदात करा, म्हणजे ते दिवस गैरहजेरीत धरले जाणार नाहीत. त्यासोबत काही आठवड्यांसाठी पाळी बदलून मागा. आपण रात्रपाळीला आणि वहिनी दिवसा कामाला, अशी सोय झाली तर बिनपगारी दिवस बरेच कमी होतील.